अर्थशास्त्र आणि वाणिज्य, नववी ते बारावी: शिक्षक आणि पालक वारंवार विचारतात ते प्रश्न

हे प्रश्न स्टाफरूममध्ये, प्रशिक्षणवर्गात आणि पालकसभेत कानावर येतात ते. उत्तरं राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमाला धरून आहेत. उदाहरणं बरीचशी नाशिक-नगर भागातली आहेत, कारण तीच रोज समोर दिसतात. रत्नागिरीत शिकवत असाल तर कांद्याच्या जागी हापूस घ्या, यवतमाळात कापूस घ्या.

नववी-दहावीला अर्थशास्त्र हा विषयच नाही. मग शिकवायचं कुठे?

स्वतंत्र विषय नाही हे खरं, पण तो पुस्तकांत विखुरलेला आहे. २०१७ मध्ये बदललेल्या नववीच्या भूगोलात ‘अर्थशास्त्राशी परिचय’ आणि ‘व्यापार’ हे पाठ आहेत. दहावीच्या भूगोलात भारत आणि ब्राझील यांची तुलना करताना ‘अर्थव्यवस्था व व्यवसाय’ येतो. गणित भाग १ मध्ये तर दोन्ही इयत्तांना ‘अर्थनियोजन’ आहे: नववीला बचत, गुंतवणूक आणि आयकर, दहावीला जीएसटी, शेअर्स आणि म्युच्युअल फंड.

अडचण अशी की भूगोलाच्या शिक्षकांना तो पाठ उपरा वाटतो आणि गणिताचे शिक्षक त्यात फक्त शेकडेवारी बघतात. दोघांनी ठरवून हे पाठ एकाच आठवड्यात घेतले, तर मुलाला पहिल्यांदा कळतं की बिलावरची टक्केवारी आणि सरकारचा महसूल ही एकच गोष्ट आहे. वेळापत्रकात एवढी तडजोड बहुतेक मुख्याध्यापक करून देतात. विचारलं मात्र पाहिजे.

अकरावीला पहिल्या दिवशी व्याख्या द्यायची की नाही?

द्या, पण आठवड्याच्या शेवटी. पहिल्या तासाला फळ्यावर एकच प्रश्न लिहा: ‘अकरावीला प्रवेश घेतल्यामुळे तुला किती खर्च आला?’ मुलं फी, पुस्तकं, गणवेश, एसटीचा पास सांगतात. मग विचारा, की दहावीनंतर मामाच्या दुकानात बसला असतास तर महिन्याला काय मिळालं असतं? वर्ग थोडा वेळ गप्प होतो, मग कोणीतरी आकडा सांगतं. तो आकडाही कॉलेजच्या खर्चात धरायचा, हे पटवायला वेळ लागतो, पण एकदा पटलं की ‘संधी खर्च’ ही संकल्पना पुन्हा शिकवावी लागत नाही. दुर्मीळ साधनं आणि पर्यायी उपयोग ही व्याख्या त्यानंतर वाचली की ती मुलांना आपलीच वाटते.

शाळेत दरवर्षी बालबाजार भरतो. मुलं खूश असतात, पालक फोटो काढतात. पण त्यातून शिकतात काय?

आहे त्या पद्धतीनं फारसं काही नाही. पण अर्थशास्त्र शिकवायला याहून चांगलं साधन शाळेकडे दुसरं नाही, म्हणून या उत्तरावर जरा जास्त वेळ घेते.

पहिली चूक आपण शिक्षकच करतो. कोणी काय विकायचं ते वाटून देतो: तुझी भेळ, तुझं सरबत, तुझी पालेभाजी. म्हणजे बाजार भरायच्या आधीच स्पर्धा संपवतो. तसं करू नका. भेळेचे पाच स्टॉल आणि पाणीपुरीचा एकच, असं झालं तर होऊ द्या. दुपारपर्यंत भेळेचा भाव आपोआप उतरतो आणि पाणीपुरीवाल्याचा चढतो. बारावीला ‘बाजाराचे प्रकार’ शिकवताना पूर्ण स्पर्धा आणि मक्तेदारी यांचं उदाहरण मुलांनी स्वतः भोगलेलं असतं.

दुसरी चूक हिशोबाची. समजा चौघांनी भेळेचा स्टॉल टाकला. साठ प्लेट केल्या. बावन्न प्लेट २० रुपयांनी गेल्या, उरलेल्या आठ शेवटी १० रुपयांना दिल्या. विक्री १,०४० अधिक ८०, म्हणजे १,१२० रुपये. दुकानातून कुरमुरे, फरसाण, शेव वगैरे आणलं ७०० रुपयांचं. मुलं आनंदानं सांगतात: नफा ४२०!

आता एकेक प्रश्न विचारत जा. कांदा, टोमॅटो, कोथिंबीर कुठून आली? घरून. बाजारभावानं धरलं तर १२० रुपये. राहिले ३००. चिंचेची चटणी कोणी केली? आईनं, सकाळी तीन तास. तासाला ६० रुपये धरले तरी १८०. राहिले १२०. तुम्ही चौघं चार-चार तास उभे होता, म्हणजे सोळा तास. प्रत्येकाला तासाला साडेसात रुपये पडले.

कोणाला नाउमेद करायला हे करायचं नाही. खिशातून गेलेला खर्च आणि न दिसणारा खर्च, लेखांकनातला नफा आणि आर्थिक नफा, हा फरक पुस्तकात दोन ओळींत येतो आणि परीक्षेनंतर विरून जातो. इथे तो राहतो. शिवाय आईच्या कामाला बाजारात किंमत आहे ही गोष्ट काही मुलांच्या पहिल्यांदाच लक्षात येते.

त्यातही एक मुद्दा हुशार मुलं काढतात: शेवटच्या आठ प्लेट १० रुपयांना विकणं बरोबर होतं का? एका प्लेटच्या सामानालाच दहापेक्षा जास्त पडले होते. तरी बरोबरच होतं, कारण सामानाचे पैसे आधीच गेले होते आणि कालवलेली भेळ उद्या विकता येत नाही. पण गिऱ्हाइकांना एकदा कळलं की चार वाजता भाव निम्मा होतो, तर पुढच्या वर्षी सगळे चारलाच येतील. यावर वाद घालू द्या. उत्तर सांगायची घाई करू नका.

एक व्यवस्था जरूर करा. शिक्षक आणि पालक कौतुकापोटी दहाच्या वस्तूला पन्नास देतात, त्यानं सगळा बाजार बिघडतो. प्रत्येक गिऱ्हाइकाला ठरावीक रकमेची कुपनं विकत घ्यायला लावा. मग तेही विचार करून खर्च करतात.

रोख आली की रोख खातं ‘नावे’ (डेबिट) करायचं. पण बँकेचा मेसेज म्हणतो पैसे ‘क्रेडिट’ झाले. मुलांचा गोंधळ कसा घालवायचा?

पुस्तपालनात अकरावीची मुलं अडतात ती इथेच, आणि गोंधळ रास्त आहे. मोबाईलवर ‘क्रेडिट’ म्हणजे पैसे आले, ‘डेबिट’ म्हणजे गेले, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. वर्गात आपण नेमकं उलट सांगतो आणि म्हणतो, नियम पाठ करा.

पाठ करायला लावण्याआधी एक गोष्ट दाखवा: तो मेसेज बँकेच्या वहीतून आलेला आहे. बँकेच्या वहीत तुमचं खातं हे व्यक्तिगत खातं. तुम्ही बँकेला पैसे दिलेत, म्हणून देणाऱ्याचं खातं जमा (क्रेडिट). बँक तुमची देणेकरी झाली. तुमच्या वहीत मात्र बँक घेणारी आहे, म्हणून तिचं खातं नावे:

बँक खाते नावे ५,०००
रोख खात्याला ५,०००
(बँकेत रक्कम भरली.)

व्यवहार एकच, वह्या दोन. हे बिंबवायला वर्गात जोड्या करा. एक वाणी, दुसरा चहाच्या टपरीचा मालक. टपरीवाल्यानं ३४० रुपयांची साखर आणि चहापत्ती उधारीवर नेली. दोघांनी आपापल्या वहीत नोंद करायची. वाण्याच्या वहीत टपरीवाल्याचं खातं नावे, विक्री खातं जमा. टपरीवाल्याच्या वहीत खरेदी खातं नावे, वाण्याचं खातं जमा. मग वह्या शेजारी ठेवून बघायच्या. आठवड्यानं २०० रुपये फेडले, पुन्हा नोंद. सहा-सात व्यवहार झाले की मुलं स्वतः विचारतात, ‘हे कोणाच्या पुस्तकात लिहायचंय?’ हा प्रश्न विचारू लागलेलं मूल पुढे बँक जुळवणी पत्रकात अडकत नाही.

नियम पाठ करून घ्यायला माझी हरकत नाही. परीक्षेत तेच कामाला येतात. क्रम तेवढा बदला.

गणिताचे सर म्हणतात, मागणी वक्र उलटा काढलाय. खरं आहे का?

गणिताच्या रीतीनं पाहिलं तर त्यांचं बरोबर आहे. किमतीवर मागणी अवलंबून, म्हणजे किंमत ‘क्ष’ अक्षावर हवी. अर्थशास्त्रात ती ‘य’ अक्षावर घेतात. ही रीत रुळली ती इंग्लंडच्या आल्फ्रेड मार्शल यांच्यामुळे, १८९० च्या त्यांच्या ग्रंथापासून, आणि नंतर कोणी ती मोडली नाही. मुलांना हे सरळ सांगून टाका. परीक्षेत मात्र किंमत ‘य’ अक्षावरच. अक्षांना नावं आणि आकृतीला शीर्षक दिलं नाही की हातचे गुण जातात.

मागणी-पुरवठा शिकवायला कांद्याचं उदाहरण सगळेच देतात. त्यात नवीन काय करता येईल?

सगळे देतात ते अर्धंच: आवक घटली, भाव वाढले. कांद्यात याहून बरंच काही आहे.

पहिलं म्हणजे लवचिकता: भाव बदलला की मागणी किंवा पुरवठा किती बदलतो. कांदा महागला म्हणून घरातली आमटी-भाजी थांबत नाही, वापर थोडाच कमी होतो. मागणी कमी लवचीक, म्हणून आवक जराशी हलली तरी भाव उडी मारतो किंवा कोसळतो. मिठाची मागणीही अशीच अलवचीक आहे, पण मिठाच्या भावाची बातमी होत नाही. का, हे मुलांना शोधू द्या. उत्तर पुरवठ्याच्या बाजूला आहे.

दुसरं, पुरवठ्याची लवचिकता वेळेप्रमाणे बदलते. पुस्तकात हे वाक्य रुक्ष वाटतं. लासलगावच्या बाजार समितीत ते डोळ्यांना दिसतं. खरिपाचा लाल कांदा टिकत नाही. काढला की विकावाच लागतो, भाव काहीही असो. रब्बीचा उन्हाळी कांदा मार्च ते मेमध्ये निघतो आणि चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, काही महिने राहतो. म्हणजे उन्हाळी कांद्याच्या शेतकऱ्याला थांबायची सोय आहे, लाल कांद्याच्या शेतकऱ्याला नाही. निफाड, चांदवड, येवल्याच्या वर्गात ज्यांच्या घरी चाळ आहे त्यांनाच बोलू द्या. सड आणि वजनातली घट किती होते हे ती मुलं शिक्षकांपेक्षा नेमकं सांगतात.

तिसरं, सरकारी निर्णय. तारखा फळ्यावर लिहा. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी. ४ मे २०२४ ला बंदी उठली, पण टनामागे ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवून. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान मूल्याची अट गेली, शुल्क २० टक्क्यांवर आलं. १ एप्रिल २०२५ पासून शुल्कही गेलं. राज्य कृषी पणन मंडळ रोजचे बाजारभाव संकेतस्थळावर देतं. त्यावरून मुलांनी आलेख काढायचा आणि या तारखांच्या रेघा मारायच्या. बंदीच्या दिवशी मागणी वक्र डावीकडे सरकला, कारण परदेशी गिऱ्हाईक गेलं. मुंबईतल्या गृहिणीला दिलासा आणि देवळ्याच्या शेतकऱ्याला फटका, दोन्ही त्याच एका रेघेवर.

मग एक कच्चा हिशोब द्या. समितीत क्विंटलला १,५०० रुपये, म्हणजे किलोला १५. शहरात तोच कांदा ३५ ला. मधले २० कोणाचे? मुलं एकसुरात म्हणतात, ‘दलालाचे.’ थांबवा आणि यादी करायला लावा: हमाली, तोलाई, गोणी, ट्रकचं भाडं, घट, सड, किरकोळ विक्रेत्याचं जागाभाडं, त्याचा दिवसभराचा वेळ. हे सगळं मांडूनही काही उरतं का आणि का उरतं, हा पुढचा आणि खरा प्रश्न. तिथे खरेदीदार व्यापारी किती आहेत, लिलावात बोली किती जण लावतात, या गोष्टी येतात.

जीएसटीचे दर बदलले. दहावीच्या पुस्तकातली उदाहरणं आता चुकीची का?

गणित म्हणून चुकीची नाहीत. पुस्तकात ५, १२, १८ आणि २८ टक्के असे दर आहेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक वस्तू-सेवा ५ किंवा १८ टक्क्यांत आल्या आणि चैनीच्या व अपायकारक अशा मोजक्या वस्तूंना ४० टक्के लागतो. सोन्याचा ३ टक्के दर तसाच आहे. परीक्षेत दर प्रश्नातच दिलेला असतो, तेव्हा त्यानुसार सोडवायचं. वर्गात मात्र ताजं बिल आणायला सांगा.

हॉटेलचं बिल सोपं पडतं: ४०० रुपयांवर केंद्राचे अडीच टक्के म्हणजे १०, राज्याचे अडीच टक्के म्हणजे १०, एकूण ४२०. एखादं मूल कंपोझिशन योजनेतल्या (एकूण उलाढालीवर ठरावीक कमी दरानं कर भरायची सोय) छोट्या दुकानाचं बिल आणतं, त्यावर कर वेगळा लावलेला नसतो. असा दुकानदार गिऱ्हाइकाकडून जीएसटी वसूल करू शकत नाही. लावलेला दिसला तर विचारायचा हक्क आहे, हेही सांगा.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न पुस्तकात नाही: कर भरतो कोण आणि सोसतो कोण? सप्टेंबर २०२५ मध्ये वह्या, पेन्सिली आणि खोडरबर करमुक्त झाले. मुलांनी दुकानात जाऊन जुन्या आणि नव्या वहीची छापील किंमत बघावी. सगळी सूट गिऱ्हाइकापर्यंत आली की वाटेत कुठे थांबली? हाच प्रश्न आडतीला, म्हणजे बाजार समितीतल्या आडत्याच्या कमिशनला, लावता येतो. २०१६ मध्ये राज्यात फळं-भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचं ठरलं. कागदावर बोजा हलला. पण आडत आपल्याला द्यायची आहे हे माहीत असलेला व्यापारी बोलीच कमी लावू शकतो. किती कमी, हे पुन्हा लवचिकतेवर आलं. करभार आणि लवचिकता यांचं नातं बारावीच्या मुलांना एवढ्यावरून कळतं.

निर्देशांकाचं सूत्र मुलं घोकतात, अर्थ कळत नाही.

निर्देशांक म्हणजे भाव एकूण किती बदलले हे सांगणारा आकडा. वर्गाचा स्वतःचा निर्देशांक काढा. समजा दोन वर्षांपूर्वी महिन्याला १० वडापाव १२ रुपयांनी, ४ वह्या ३० रुपयांनी आणि २०० रुपयांचं एक रिचार्ज. एकूण ४४० रुपये. आज वडापाव १५, वही २८, रिचार्ज २५०. त्याच नगांना ५१२ रुपये लागतात. ५१२ भागिले ४४० गुणिले १००, म्हणजे साधारण ११६.४. हाच लॅस्पेयरचा निर्देशांक, कारण नग जुन्या वर्षाचे धरले.

लगेच कोणीतरी म्हणतं, ‘मी वडापाव खातच नाही.’ इथे थांबा. सरकारी महागाईचा आकडा आणि आपल्या घरची महागाई जुळत का नाही, याचं उत्तर त्या वाक्यात आहे. आता नग आजचे घेऊन पुन्हा काढा, तो पाशेचा निर्देशांक. दोन्ही आकड्यांत फरक का पडला हे मुलांनाच सांगू द्या.

राष्ट्रीय उत्पन्नात घरकाम धरत नाहीत. हे शिकवताना मुली नाराज होतात.

व्हायलाच हव्यात. मोजणीच्या अडचणी पुस्तकात आहेत, त्या सांगा: बाजारात विक्री नाही, किंमत नाही, नोंद नाही. पण आकडाही द्या. २०१९ च्या केंद्र सरकारच्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ त्यात जातो असं आढळलं, पुरुषांचा ९७ मिनिटं. वर्गात चार दिवस स्वतःच्या घरची नोंद ठेवायला सांगा. वहीत खरं लिहिणारे मुलगे भेटतात, आणि त्यांचं वाचून दाखवलं की बाकीचे सुधारून लिहितात.

कंपनी, भागीदारी, सहकारी संस्था: फरकाचे तक्ते सोडून काही?

एका प्रश्नातून बराचसा तक्ता निघतो: निर्णय घ्यायची वेळ आली की मत कसं मोजतात? कंपनीत शेअरमागे मत. सहकारी संस्थेत माणसामागे एक मत, शेअर एक असो की पन्नास. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांना जोडून उभा केला, अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ त्याचे अध्यक्ष होते. ऊस पिकवणाराच मालक, ही कल्पना तिथली मुलं घरात ऐकत मोठी होतात. मग विचारा, मालकही तोच आणि माल विकणाराही तोच, तर उसाला भाव जास्त मिळावा की कारखान्याला नफा? २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्रानं १०.२५ टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण) क्विंटलमागे ३५५ रुपये एफआरपी, म्हणजे उसाचा किमान रास्त दर, ठरवली. कारखाना तोट्यात असला तरी ती द्यावीच लागते. सभासद म्हणून काय वाटतं आणि संचालक म्हणून काय, दोन गट पाडून बोलायला लावा. निवडणुकीचा विषय निघेल. निघू द्या, पण पॅनेलांची नावं वर्गाबाहेर ठेवा.

मुलगा रील्स बघून ‘ऑप्शन ट्रेडिंग शिकवा’ म्हणतो. शाळेनं शिकवावं का?

शेअर म्हणजे काय, लाभांश, दर्शनी मूल्य आणि बाजारमूल्य, एसआयपी, चक्रवाढ, हे अभ्यासक्रमात आहे आणि नीट शिकवावं. ऑप्शन, म्हणजे पुढच्या तारखेच्या भावावर केलेले सौदे, शिकवायचे तर ‘सेबी’ या शेअर बाजाराच्या नियामक संस्थेचा एक आकडा पुरे. सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्क्यांना तोटा झाला. एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या वर. मुलाला विचारा, हे पैसे गेले कोणाकडे? आणि रील बनवणाऱ्याला पैसे कशातून मिळतात, ट्रेडिंगमधून की कोर्स विकून? ऑनलाईन ‘खोट्या पैशांच्या’ स्पर्धा मला व्यक्तिशः आवडत नाहीत. पंधरा दिवसांत जिंकणारा नशीबवान असतो आणि वर्ग त्याला हुशार समजतो.

बँक बुडाली तर पैशाचं काय होतं?

सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेनं पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑप बँकेवर निर्बंध घातले तेव्हा खातेदारांना सुरुवातीला फक्त १,००० रुपये काढता येत होते. त्यानंतर, फेब्रुवारी २०२० मध्ये, ठेवविम्याची मर्यादा १ लाखावरून ५ लाखांवर गेली. ही मर्यादा एका बँकेत एका ठेवीदारामागे, मुद्दल आणि व्याज मिळून. गावातल्या पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा लागू नाही, आणि पालकसभेत हे सांगितलं की बरेच जण दचकतात. दहा वर्षांवरील मूल बचत खातं स्वतः चालवू शकतं, तेव्हा वर्गातून एखादा दिवस बँकेत जाऊन खाती उघडता येतील.

कर्जमाफी, हमीभाव असे विषय निघाले की वर्गात राजकारण येतं. टाळावं का?

टाळू नका. बारावीच्या प्रश्नपत्रिकेत ‘सहमत आहात की असहमत, सकारण सांगा’ असा प्रश्न असतोच, त्याची तालीम इथे होते. राज्यात २०१७ मध्ये दीड लाखापर्यंतची आणि २०१९ च्या अखेरीस जाहीर झालेली दोन लाखांपर्यंतची, अशा दोन कर्जमाफ्या अलीकडे झाल्या. दोन्हींत नियमित फेडणाऱ्यांना वेगळी प्रोत्साहन रक्कम होती. ती का ठेवावी लागली असेल, इथून सुरुवात करा. पुढचं कर्ज देताना बँक काय विचार करेल? माफी नसती तर त्या घराचं काय झालं असतं? अट एकच: ज्या मुलाचं जे मत असेल, त्यानं पाच मिनिटं विरुद्ध बाजूनं बोलायचं. शिक्षकानं स्वतःचं मत तासाच्या शेवटपर्यंत सांगू नये. मुलं ते तरी ओळखतात, तो भाग वेगळा.

मराठी माध्यमातून आलेल्यांना कॉलेजात इंग्रजी संज्ञा अडतात.

पहिल्या दिवसापासून वहीच्या मागच्या पानावर दोन रकाने ठेवा: तेरीज म्हणजे ट्रायल बॅलन्स, ताळेबंद म्हणजे बॅलन्स शीट, घसारा म्हणजे डेप्रिसिएशन. संकल्पना मराठीत पक्की झालेलं मूल संज्ञा महिनाभरात उचलतं. बालभारतीची दोन्ही माध्यमांची पुस्तकं संकेतस्थळावर मोफत आहेत, तोच धडा शेजारी ठेवून वाचता येतो.

सायन्सला गुण कमी पडले म्हणून कॉमर्स, गणित कच्चं म्हणूनही कॉमर्स. अशा वर्गाचं काय करायचं?

त्यांना आल्या आल्या कोणी तसं म्हणून दाखवू नये, एवढं तरी करा. वरची भेळेची आकडेमोड बेरीज-वजाबाकीच्या पुढे जात नाही. तिथून शेकडेवारी, तिथून निर्देशांक. ज्यांच्या घरी दुकान आहे अशी मुलं पहिल्या चाचणीत मागे आणि तोंडी हिशोबात सगळ्यांच्या पुढे असतात. त्यांना गटप्रमुख करा.

प्रकल्पाच्या वीस गुणांसाठी मुलं नेटवरून उतरवून आणतात.

विषय असा द्या की नेटवर मिळणारच नाही. आपल्या गावच्या आठवडे बाजारात सकाळी नऊ आणि संध्याकाळी सहाला पाच भाज्यांचे भाव, सलग चार आठवडे. घरच्या गाईच्या दुधाचा लिटरमागे खर्च आणि डेअरीचा दर. गल्लीतल्या तीन दुकानांत एकाच साबणाची किंमत आणि फरकाचं कारण. आईच्या बचत गटात कर्ज कशासाठी घेतलं गेलं आणि व्याज किती. तोंडी परीक्षेत मग एकच प्रश्न विचारायचा: हा आकडा तुला कोणी सांगितला आणि त्यानं खरं सांगितलं असं तुला का वाटतं?